चौदा देठ

“ज्याने देठ हलवला, सुरी त्यानेच लावायची. एवढं पाळलंस तर बाकीचं तुला खाजणच शिकवेल.”

बिस्मिल्ला म्हणून हलिजाने पहिल्या देठाला सुरी लावली आणि रोजच्यासारखा आईचा आवाज कानाशी आला. कांद्याच्या पापुद्र्याएवढी चकती उतरली आणि चिखलात पडली. देठाच्या तोंडाशी थेंब धरला. भरलेला बांबूचा नळा तिने सोडवून होडीत ठेवला, रिकाम्या नळ्यात नीरा आंबू नये म्हणून चिमूटभर चुना टाकला, तो देठाला अडकवला आणि रुतलेला पाय उपसून ती पुढच्या झाडाकडे गेली.

आई जाऊन तीस वर्षं होत आली. तिने सोपवलेला नेम मात्र हलिजाने मोडला नव्हता. नीपाचा, म्हणजे खाजणातल्या बुटक्या माडाचा, घड खाली चिखलालगत धरतो. घड उतरवण्याआधी त्याचा देठ चाळीस दिवस हलवायचा, वाकवायचा, तळव्याने थोपटायचा, तान्ह्या पोराची पाठ थोपटावी तसा. तेव्हा कुठे नीरा उतरते. मग रोज सकाळ-संध्याकाळ एक चकती. दोन दिवस चुकले की तोंड सुकतं आणि देठ मरतो. रोजाच्या महिन्यात कोरड्या तोंडाने ती गोड नीरेचे नळे वाहायची. ईदच्या सकाळीसुद्धा नवे कपडे घालण्याआधी ती खाजणात जाऊन यायची.

आता मात्र हे सगळे देठ मरणार होते. तिचा हजचा नंबर लागला होता. नऊ दिवसांनी विमान, आणि परत यायला पंचेचाळीस दिवस. गावात देठाला सुरी लावणारी आता तिघंच उरली होती आणि त्या तिघांना आपापलंच आवरत नव्हतं.

घरी आल्यावर तिने नीरा गाळून काहिलीत ओतली आणि चुलीत नारळाच्या करवंट्या सारल्या. तिची मुलगी नोर्लिया तिला निरोप द्यायला इपोह शहरातून आली होती. ती पायरीवर वही घेऊन बसली होती.

“माक, तेहतीस घरं झाली. सुरावचे इमाम झाले, सुईणबाई झाल्या, ती तुझ्याशी भांडणारी गुळवालीपण झाली. आता एकच नाव राहिलंय. बांग इस्मत.” बांग म्हणजे दादा.

“जाईन.”

“आठ दिवस ‘जाईन’ म्हणते आहेस. शुक्रवारी निरोपाचं जेवण. ते सगळ्यांत आधी येऊन बसतील, तेव्हा काय करशील?”

हलिजाने उलथनं काहिलीच्या बुडाशी फिरवलं. रस अजून पाण्यासारखा पातळ होता. “याला दोन तास लागतील,” ती म्हणाली. “बघत राहा. उतू जाऊ देऊ नकोस.”

ती निघाली, ती बांधावरून चालत. वाट जेमतेम पाव तासाची. पण गेली अकरा वर्षं ती या वाटेने शक्यतो येत नसे.

हजला निघण्याआधी दारोदार जाऊन माफी मागायची, हा गावाचा रिवाज. बोलायचंही ठरलेलं असतं. कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा, तुमच्याकडे खाल्लं-प्यालं ते हलाल करा. समोरचा हसून म्हणतो, कोसोंग-कोसोंग. म्हणजे तुझं शून्य, माझं शून्य. तेहतीस घरांत हलिजाने हे म्हटलं होतं आणि प्रत्येक घरी चहा प्याली होती. कळत-नकळत, हा शब्द फार सोयीचा होता.

अकरा वर्षांपूर्वी मोठा पूर आला. खाजणातला हद्दीचा चर गाळाने भरला आणि हद्दीचा खुंट दिसेनासा झाला. पाणी ओसरल्यावर तिने आपल्याच समजून शेवटच्या दोन रांगांमधले चौदा देठ कापले. देठ चांगले मऊ झालेले होते. साइदिनने, म्हणजे नवऱ्याने, हलवले असतील असं तिने धरलं. एका देठाला निळ्या रेघेच्या पोत्याची पट्टी बांधलेली होती. तीही त्यानेच बांधली असेल म्हणून तिने ती सोडून फेकून दिली. तिसऱ्या दिवशी इस्मत गावप्रमुखाच्या ओसरीवर उभा. ते देठ मी हलवलेत, चाळीस दिवस, तो म्हणाला. साइदिन म्हणाला, माझ्या बायकोने हलवलेत. गावप्रमुखाने तिला विचारलं. ओसरीवर तीस-चाळीस माणसं होती आणि साइदिन तिच्याकडे बघत होता. तिने होकाराची मान हलवली.

त्या दिवशी जेवताना साइदिनने विचारलं, “त्या दोन रांगा हलवायला तुला वेळ कधी मिळाला गं?”

“मी कुठे? तुम्हीच ना?”

त्याने भात संपवला आणि हात धुऊन म्हणाला, “आता शब्द गेला.”

दोन वर्षांनी मोठ्या ओहोटीला तिचा पाय खुंटाला लागला. पुरात वरून मोडलेला, पण बुंधा चिखलात घट्ट. तिने हलवून पाहिला, हलला नाही. बुंध्यावर इस्मतच्या बापाची खूण, तीन खाचा. तो खुंट त्या दोन रांगांच्या अलीकडे होता, म्हणजे त्या रांगा इस्मतच्या होत्या. हलिजाने आजूबाजूला पाहिलं, दोन्ही हातांनी चिखल ओढून त्यावर लोटला आणि वर झावळ्या टाकल्या. साइदिनलाही तिने सांगितलं नाही. पुढे तोही गेला. तेव्हापासून दर नमाजानंतर हात पसरले की तिला तो चिखल दिसायचा.

इस्मत खांबांवरच्या घराखाली, सावलीत बसून नीपाची पानं पट्टीवर दुमडून शिवत होता. देठाचं काम त्याने त्याच वर्षी सोडलं होतं. आता तो शाकारणीसाठी झापं शिवून द्यायचा. त्याची बायको सोम मागे केळी तळत होती.

“अगंबाई, हाजीण आली!” ती ओरडली. हलिजाला सारा गाव ‘तेह’ म्हणायचा. “अजून मक्केला गेली नाही तोच तोंडावर तेज आलंय बघ. बस, तेह. गरम आहेत, फुंकून खा. आणि आमच्या ह्यांच्यासमोरची मोजून ठेव. खाल्ली की नाही, हेसुद्धा विसरतात.”

“विसरत नाही,” इस्मत शांतपणे म्हणाला. “गाठ मारून ठेवतो.” त्याने कमरेच्या सारोंगचं टोक पुढे केलं. त्यावर तीन गाठी होत्या. “ही गॅसची. ही सुरावच्या पाण्याच्या मोटरची. आणि ही…”

“ती पहिल्या दोन विसरू नयेत म्हणून!” सोम म्हणाली आणि स्वतःच हसली. “दवाखान्यात नेलं, मेंदूचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांना काही झालेलं नाही. म्हटलं, बाई, तुम्ही दोन दिवस यांच्याजवळ राहून बघा. दाराची कडी तीनदा बघतात.”

हलिजाही हसली. मग ओढणी सावरून ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात पुढे केले आणि ठरलेले शब्द म्हणाली. कळत-नकळत, हेही.

इस्मतने सुई खाली ठेवून तिच्या हातांना हात लावला आणि आपल्या छातीला लावला. “कोसोंग-कोसोंग,” तो म्हणाला.

एवढंच. तळणीतलं केळं उलटायच्या आत झालं. हलिजाने श्वास सोडला आणि चहाचा पेला उचलला.

“आता माझं,” इस्मत म्हणाला.

“तुमचं काय, बांग?”

“तू अल्लाच्या घरी निघालीस. माझं तेवढं इथेच मिटव.” त्याने पुन्हा पान घेतलं, पण दुमडलं नाही. “मी त्या वर्षी तुझ्यावर आळ घेतला. सगळ्या गावासमोर. मला अजूनही दिसतं, तेह. दोन रांगा, चौदा देठ. सातव्या झाडाचा देठ डावीकडे वळलेला, तो सरळ राहावा म्हणून मी त्याला पट्टी बांधली होती. अगदी काल बांधल्यासारखं दिसतं. पण तू मान हलवलीस. तू काही खोटं बोलणारी बाई नाहीस. तेव्हा मला उमगलं, की हे सगळं माझ्या डोक्यातच आहे. आमच्या बाबांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी तर मलाही ओळखत नव्हते.”

सोमने तळणी खाली उतरवली.

“ज्याला आपले देठ ओळखता येत नाहीत, त्याने सुरी धरू नये. म्हणून सोडलं मी. ते असो. पण तुझ्यासारख्या बाईला चोर म्हणालो, ते राहून राहून टोचतं. मला माफ कर.”

तेहतीस घरांत ऐकलेलं तिच्या ओठांवर आपोआप आलं.

“कोसोंग-कोसोंग,” हलिजा म्हणाली. आणि आपलाच आवाज ऐकून तिने पेला जमिनीवर ठेवला.

इस्मतचा चेहरा सैल झाला. तो एकदम पोरासारखा बोलायला लागला. “मग एक विचारू? हसू नकोस. पंचेचाळीस दिवस तुझे देठ कोण बघणार? मी बघितले तर? हाताला अजून सवय आहे. फक्त मला रांगा दाखवून दे. कुठून तुझ्या, कुठून दुसऱ्याच्या. पुन्हा कुणाच्या देठाला हात लागायला नको.”

“तुम्ही आणि खाजणात!” सोम म्हणाली. “कमरेला दोरी बांधून सोडावं लागेल.” पण तिचे डोळे हलिजाकडे लागले होते. त्यांत विनवणी होती.

हलिजाने झापाच्या टाक्यांकडे पाहिलं. सगळे टाके सारख्या अंतराचे होते. एकही चुकलेला नव्हता.

“दाखवते,” ती म्हणाली.

“सगळ्या?”

“सगळ्या. हद्द कुठे आहे, तीही दाखवते. उद्या सकाळी, ओहोटीला.”

“वचन?”

“वचन, बांग.”

इस्मतने सारोंगच्या टोकाला चौथी गाठ मारली.

ती घरी आली तेव्हा काहिलीतला रस तांबूस होऊन घट्ट बुडबुडे धरत होता. नोर्लियाने उलथनं आईच्या हाती दिलं आणि पेन उचललं.

“केलं माफ?”

“केलं.”

“मग खोडते नाव.”

“नको. राहू दे.”

“का गं?”

“उद्या खोड.” हलिजाने रसाचा थेंब पाण्याच्या वाटीत सोडला. तो बुडाला आणि गोळी झाला. काहील उतरवायला हवी होती. “शुक्रवारच्या जेवणाला कदाचित माणसं कमी येतील. तांदूळ जास्त काढू नकोस.”

नोर्लियाने आईकडे पाहिलं, काही विचारायला तोंड उघडलं. पण हलिजा काहील उतरवून गूळ घोटायला बसली होती. घोटताना ती बोलत नसे, हे नोर्लियाला लहानपणापासून माहीत होतं.

सकाळी फज्रची नमाज झाल्यावर हलिजा नेहमीपेक्षा जास्त वेळ चटईवर बसली. मग खाली उतरली. सुरी घेतली, नळे घेतले, चुन्याची डबी घेतली. खांबाला टेकवलेलं फावडं घेऊन ते होडीत आडवं ठेवलं.

धक्क्यावर इस्मत आधीच येऊन थांबला होता. डोक्याला स्वच्छ टोपी, हातात फडक्यात गुंडाळलेली जुनी सुरी. पातं नव्याने परजलं होतं, फडक्याच्या कडेतून चकाकत होतं. सोम त्याला सोडायला आली होती आणि लांबूनच ओरडत होती, “तेह, ह्यांना होडीच्या मध्ये बसव!”

तो बसला. सारोंगची चौथी गाठ सोडायला घेतली, तेवढ्यात त्याची नजर पायाशी गेली.

“देठ कापायला फावडं कशाला गं?”

हलिजाने दोर सोडला आणि होडी धक्क्यापासून ढकलली. पाणी उतरत होतं. दोन्ही काठांना नीपाची मुळं उघडी पडायला लागली होती. ती रोज डावीकडच्या फाट्याने जायची. आज तिने होडी उजवीकडे वळवली, शेवटच्या दोन रांगांकडे.

“आधी सातव्या झाडाशी जाऊ, बांग,” ती म्हणाली. “ती पट्टी पोत्याची होती. तांदळाच्या पोत्याची. निळ्या रेघेची.”

इस्मतचे हात गाठीवर तसेच राहिले. हलिजाने मागे वळून पाहिलं नाही. तिने वल्हं खोल घातलं आणि ओढलं.