सदतिसावी फरशी

वृषालीच्या खोलीत रोज सकाळी एक फरशी जास्त असायची. मिस्त्री येऊन बघून गेला. काम पक्कं आहे वहिनी, जागा वाढतेय तर वाढू द्या की, म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

पण फरश्यांना सारख्या ओळींत बसावं लागे. अठ्ठावीस होत्या तेव्हा चार-चारच्या सात ओळी, खोली ऐसपैस. एकोणतीस झाल्या आणि ओळी काही जमेनात. मग खोली एका फरशीएवढी रुंद आणि एकोणतीस फरश्या लांब झाली. कपाट, फ्रिज, पलंग एकामागे एक, भिंतींना घासून उभे. या टोकाला वृषाली, त्या टोकाला तिची दहा वर्षांची मनवा. दिवसभर लेकीचा नुसता आवाज. तिसाला पुन्हा जवळ, एकतिसाला पुन्हा तेच.

मनवानं शाळेतलं सांगितलं. ज्यांच्या सारख्या ओळी पडतात त्या संयुक्त संख्या. ज्यांची एकच लांब रांग होते, त्या मूळ.

छत्तिसाव्या फरशीच्या दिवशी खोली सहा बाय सहा, चौकोनी झाली. मनवाला ताप भरला होता. वृषालीनं तिला मांडीवर घेतलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली. दोघींनी जमिनीवर चिंचोके मांडले, सहाच्या सहा ओळी. मग मनवानं आणखी एक पुढे सरकवला.

“तीननं जात असेल गं,” वृषाली म्हणाली.

“बारा त्रिक छत्तीस. एक उरतो.”

चारनं पाहिलं, पाचनं पाहिलं. काहीतरी उरायचंच.

झोपताना वृषालीनं लेकीचं मनगट पदरानं आपल्या मनगटाला बांधलं. सकाळी पदराचं टोक कपाटाखाली गेलेलं होतं. पलीकडून मनवा पाणी मागत होती. वृषालीनं खांदा दुखेपर्यंत कपाट ढकललं. कपाटामागे फ्रिज होता, फ्रिजमागे पलंग.

“आई, नवी फरशी हलतेय. ती काढली की छत्तीस.”

“कुठली?”

“माझ्या पायाखालची.”

“हात लावू नकोस, मनू. उद्या अडतीस होतील, दोन ओळी पडतील. उद्यापर्यंत थांब.”

“तहान लागलीये गं.”

दगड घासल्याचा आवाज आला. भिंती मागे सरल्या. कपाट आपल्या जागी गेलं, पलंग खिडकीखाली गेला. खोली सहा बाय सहा, उन्हानं भरलेली. वृषालीनं मनूला हाका मारल्या, पलंगाखाली, कपाटामागे पाहिलं, मग फरश्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मधोमध चिंचोक्यांच्या सहा ओळी कालच्यासारख्याच होत्या. सदतिसावा तिच्या मुठीत होता, आणि तो अजून तापलेला होता.