चाक सोडून सगळं तपासलं

ब्रेकचं काम करून आणल्यावर पंधरा दिवसांनी आमची गाडी थरथरायला लागली. चालताना नाही, थांबताना. पन्नासच्या वर वेग असला आणि ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात नाचायचं. पन्नासच्या खाली काही नाही. ब्रेक सोडला की सगळं शांत.

एवढी माहिती मी प्रत्येकाला दिली. कुणी ऐकली नाही, म्हणून आधी लिहून टाकली.

मी रेल्वेच्या स्टोअरमधून निवृत्त झालो. तारनाक्याला राहतो. गाडी चालवायला शिकलो छप्पन्नाव्या वर्षी, पद्मावतीसाठी. तिचे गुडघे गेले आणि बसच्या पायऱ्या चढवेनात. अकरा वर्षं ती माझ्या डाव्या बाजूला बसली. त्यात एकही दिवस तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे रिक्षा दिसली की ती उजवा पाय खालच्या चटईवर दाबायची आणि ओरडायची, "अहो, ब्रेक!" तुझ्या बाजूला ब्रेक नाही, हे मी तिला अकरा वर्षं सांगितलं. त्या जागी चटईला भोक पडलं. दिवाळीनंतर ती गेली. त्याला आता आठ महिने झाले.

नवीन वस्तूला हळद-कुंकू आणि अक्षता लावल्याशिवाय ती वापरू द्यायची नाही. कुकर, मिक्सर, गॅसची रबरी नळीसुद्धा. दसऱ्याला ताट घेऊन लालापेटच्या रस्त्यावर मोईनभाईंच्या गॅरेजमध्ये जायची. गाडीच्या बॉनेटला कुंकू लावायची आणि मग मोईनभाईंच्या जॅकलाही लावायची. मोईनभाई हात मागे बांधून उभे राहायचे. नंतर त्यांना बेसनाचा लाडू मिळायचा.

गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क झिजल्या होत्या. त्या बदलायला मी मोईनभाईंकडेच गेलो. खोक्यातून नव्या कोऱ्या दोन डिस्क निघाल्या. मी घरून पुडीत सगळं आणलं होतं. आता मी लावलं नाही तर कोण लावणार? दोन थेंब पाणी घालून कालवलं. मोईनभाई म्हणाले, "साब, चमकते हिस्से पे नक्को. वहां ब्रेक की पट्टी पकड़ती." म्हणून मी मधल्या भागावर लावलं, तेही मागच्या बाजूला. चाक खोलल्यावर कुणी बघून हसायला नको. उजव्या डिस्कला जरा जास्तच लागलं. मग घरी आलो आणि विसरून गेलो.

थरथर सुरू झाल्यावर ती पहिल्यांदा दिसली माझ्या मुलीला, ईशाला. ती कोंडापूरला राहते, जावई ओमकारही तिथेच कंपनीत आहे. एका रविवारी ती माझ्या शेजारी बसली होती. हब्सीगुड्याच्या सिग्नलला मी ब्रेक दाबला.

"बाबा, तुमचे हात थरथरतायत."

"हात नाही, स्टिअरिंग."

"स्टिअरिंग तुमच्याच हातात आहे ना?"

मी म्हणालो, "तू धरून बघ." ती म्हणाली, "प्लीज बाबा, रस्त्यात नको." घरी आल्यावर तिने किल्ली पर्समध्ये टाकायला घेतली. मी मागितली तेव्हा परत दिली, पण टेबलावर ठेवून. हातात दिली नाही.

ओमकारने त्याच्या कुठल्याशा ग्रुपवर गाडीचा फोटो टाकला. चार मिनिटांत गिऱ्हाईक आलं. त्याच्या कामात कधी चार मिनिटांत काही होत नाही, असं ईशाच सांगते.

"पुढच्या रविवारी माणूस येईल बघायला," तो म्हणाला. "आणि ती भोक पडलेली चटई तेवढी बदलून टाका. इम्प्रेशन वाईट पडतं."

"मला विकायची नाही."

"बाबा, कॅब दारात येते," ईशा म्हणाली. "कुठे जायचंय तुम्हाला असं?"

कुठेच जायचं नव्हतं. पण तेवढ्यासाठी गाडी द्यायची का? मी म्हणालो, "रविवारपर्यंत थरथर थांबली तर?"

तिने ओमकारकडे बघितलं. "थांबली तर ठेवा," ती म्हणाली, आजारी माणसाला सगळे म्हणतात तसं.

सोमवारी मी उप्पलच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. मोईनभाईंकडे गेलो नाही. काम त्यांनी केलं होतं, तेव्हा चूक त्यांचीच, असं मी ठरवून टाकलं होतं. तिथे एसी हॉल होता, कॉफीचं मशीन होतं. टाय लावलेल्या मुलाने टॅबवर माझी तक्रार लिहून घेतली. मग एकाने गाडी आवारात वीसच्या वेगाने एक चक्कर मारून आणली.

"सर, काही जाणवत नाही."

"पन्नासच्या वर जाणवतं म्हणालो ना?"

"सर, आमच्या आवारात स्पीड लिमिट वीस आहे."

दीड तासाने मला रिपोर्ट मिळाला. सत्तेचाळीस गोष्टी तपासल्या होत्या. वायपर, हॉर्न, काचेचं पाणी, सीटबेल्ट. चाक खोलणं त्या सत्तेचाळिसांत बसत नव्हतं, त्याचं वेगळं पॅकेज होतं. गाडीला आतून वास मारतो, असं मात्र त्यांनी शोधून काढलं. एसीच्या जाळीला लावायला मोगऱ्याच्या वासाची बाटली दिली. येताना गाडी थरथरत होती आणि मोगऱ्याचा वास येत होता.

मंगळवारी आबिड्सला हिम्मतरावांकडे गेलो. हे पद्मावतीचे थोरले भाऊ, वकील. त्यांच्या घरात चार पिढ्या वकिली आहे. भाजीवाल्याने वांगं किडकं दिलं तरी त्यांना आधी कलम आठवतं.

"केशवराव, याला निष्काळजीपणा म्हणतात. नोटीस देऊ."

"आधी गाडी बघता का? खाली उभी आहे."

"गाडी बघून काय कळणार? बिल दाखवा."

बिलावर मोईनभाईंनी 'डिस्क २' एवढंच लिहिलं होतं. त्यावरून हिम्मतरावांनी तीन पानांची नोटीस तयार केली. तिच्यात एक वाक्य होतं, 'पत्नीच्या निधनाने आधीच खचून गेलेल्या माझ्या अशिलास...' ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं.

"हे वाक्य कामाला येतं," म्हणाले. "जमलंय ना?"

पद्मावती त्यांचीच बहीण होती. मी जमलंय म्हणालो.

गुरुवारी ईशाने सुट्टी काढून मला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तिच्या कॅबमधून. डॉक्टरांनी मला हात पुढे धरायला लावले आणि वर कागद ठेवला. कागद हलला नाही. बोट नाकाला लावून दाखवलं. सरळ रेषेत चालून दाखवलं. डोळे मिटून एका पायावर उभा राहिलो.

"हात तर ठीक आहेत," डॉक्टर जरा नाराज होऊन म्हणाले. "कधी थरथरतात?"

"पन्नासच्या वर. ब्रेक दाबल्यावर."

त्यांनी पेन थांबवलं. "अलीकडे घरात काही घडलं का?"

ईशा म्हणाली, "आई गेली."

"हां!" डॉक्टर म्हणाले. आता त्यांचा चेहरा खुलला. फाईलवर त्यांनी लिहिलं की दुःख दाबून ठेवल्याने असं होतं, आणि एक झोपेची गोळी दिली. मी विचारलं, ही गाडीला द्यायची की मला. ईशाने फाईल उचलली आणि जिना उतरली. खाली आल्यावर म्हणाली, "तुम्ही रडला पण नाहीत बाबा. एकदाही." मी म्हणालो, "कॅब आली बघ."

रडलो होतो. गाडीत बसून, काचा वर करून. पण ते काही कळवण्यासारखं नव्हतं.

शनिवारी नोटीस घेऊन मोईनभाईंकडे गेलो. हातात देऊन सही आणा, असं हिम्मतरावांनी बजावलं होतं. मोईनभाई स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी मला बघितलं, मग गाडीकडे बघितलं.

"क्या साब, तीन हफ्ते हो गए. नाराज हैं क्या?"

"गाडी थरथरतीय."

"कब?"

"पन्नासच्या वर. ब्रेक मारल्यावर."

"हौ. स्टिअरिंग में कि पैर में?"

"स्टिअरिंगमध्ये."

"सामने का चक्का है," ते म्हणाले आणि बशी खाली ठेवून उठले. स्टिअरिंग की पाय, हे पूर्ण आठवड्यात मला कुणी विचारलं नव्हतं. "खोल के देखते. नट रखने को कागज है क्या?"

माझ्या हातात नोटीसच होती. त्यांनी ती घेतली, जमिनीवर पसरली आणि चाकाचे नट तिच्यावर ठेवले. सहीची जागा बरोबर ग्रीसखाली गेली.

चाक निघालं. मोईनभाईंनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कच्या अगदी जवळ धरलं आणि डिस्क हाताने फिरवली. एका जागी टोक घासायचं, दुसऱ्या जागी फट दिसायची. "देखो, टेढ़ी फिर रई," ते म्हणाले. मग ब्रेकचा सांगाडा काढून बाजूला टांगला आणि डिस्क हातोडीने ठोकून ओढली.

मागची बाजू लाल-पिवळी होती.

कुंकू दगडासारखं घट्ट बसलं होतं. त्यात अक्षतांचे दाणे चेपून नखासारखे चपटे झाले होते. एकाच बाजूला होते. कागदाएवढा थर असेल. डिस्क त्याच बाजूने टेकते, तेवढ्याने ती तिरकी बसून पंधरा दिवसांत कमी-जास्त झिजली होती.

आम्ही दोघं बघत राहिलो. तीन पानी नोटीस पायाशी होती आणि गुन्हेगार मी होतो.

"मीच लावलं होतं," मी म्हणालो.

"मालूम है. बिठाते टैम देखा था मैं." त्यांनी बोटाने एक दाणा उचकटला. "मैडम के नाम का है समझ के पोंछा नै. मेरीच गलती है साब. तीस साल का काम, और चावल पे डिस्क बिठाया."

"ती असती तर आधी विचारलं असतं, कुठं लावू."

"हौ. मैडम पूछती थी."

त्यांनी दुसरं चाकही खोललं, दोन्हीकडचं सगळं खरवडून काढलं, घासकागदाने पुसलं. दोन्ही डिस्क शेजारच्या लेथवर नेऊन हलक्या हाताने घासून सपाट करून आणल्या. बसवण्याआधी माझ्यापुढे धरल्या. "देखलो, साफ है." मी पुडी आणली नव्हती. त्यांनी जॅककडे बोट दाखवलं. "दसरे को इसको लगाव. इसको चलता."

रविवारी सकाळी साडेसातला ओमकार, ईशा आणि ते गिऱ्हाईक दारात हजर. गिऱ्हाईक टायरला लाथ मारून बघत होतं. मी ईशाला म्हणालो, "आधी तू चल. एक चक्कर."

"बाबा..."

"थांबली तर ठेवा, म्हणाली होतीस."

ती बसली. पट्टा बांधला आणि वरचं हँडल धरलं. उप्पलच्या रस्त्याला त्या वेळी गर्दी नसते. चाळीस. पन्नास. मी तिला सांगितलं काय निघालं ते.

"तांदूळ?"

"अक्षता. मीच लावल्या होत्या, नव्या डिस्कला. आई लावायची तशा."

ती हसायला लागली. "म्हणजे मी तुम्हाला न्यूरोकडे नेलं आणि..." मग तिचं हसणं बंद झालं आणि ती बाहेर बघायला लागली. काटा साठवर होता. पुढे एक बस न सांगता थांबली.

"बाबा, ब्रेक!"

मी दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. स्टिअरिंग हललं नाही. माझे हातही हलले नाहीत. मी ते तिला दाखवणार होतो, पण ती हातांकडे बघतच नव्हती. खाली बघत होती. तिचा उजवा पाय चटईवर गच्च दाबलेला होता. भोकातच.

"तिकडे ब्रेक नाही," मी म्हणालो.

"माहितेय."

पाय तिने काढला नाही. बस निघून गेली, मागच्याने हॉर्न मारला. तिने नाक पुसलं आणि ओमकारला फोन लावला. "त्यांना चहा दे," म्हणाली, "आणि पाठवून दे. नाही, गाडी ठीक आहे. म्हणूनच." मग पुन्हा म्हणाली, "चटईला हात लावू नकोस."

परत येताना मी चाळीसच्या वर गेलो नाही. तरी ती दोनदा म्हणाली, "हळू."