मामींच्या हातातलं चाक

मामींचा उजवा खांदा निकामी झाला तेव्हा मामांना आधी काळजी वाटली ती गाडीची, आणि तशी वाटल्याची लगेच लाजही वाटली. पण त्यात नवल काय? मामी नर्स. सगळी नोकरी त्यांनी त्या फिकट हिरव्या, जड नाकाच्या जुन्या गाडीतून घरोघरच्या पेशंटांकडे जाऊन केली होती. मामांना गाडी चालवता येत नव्हती. शेजारी बसून गाडी चालवणाऱ्या बायकोकडे बघणं हा त्यांचा जन्माचा छंद.

ऑपरेशननंतर दुखणं थांबलं, पण हातातली ताकद गेली. त्या गाडीचं स्टिअरिंग परातीएवढं, आणि उभ्या गाडीत ते फिरवणं म्हणजे पैलवानाचं काम. सगळे म्हणाले, हलकी नवी गाडी घ्या. मामी म्हणाल्या, "चालवीन तर हीच. नाहीतर चालवणं बंद." त्यांचं बंद म्हणजे बंदच. त्यांनी स्वतः फोन करून रविवारी गिऱ्हाईक बोलावलं, आणि तेव्हापासून त्या घरात अशा वावरू लागल्या की मामांना चहा मागायचीसुद्धा छाती होईना.

शेवटी मामांनी गुपचूप भाचीला साकडं घातलं. तिला घरात सगळे ठकी म्हणत. गाड्या दुरुस्त करायचं तिचं स्वतःचं गॅरेज होतं आणि बोलण्यापेक्षा तिचा पानाच जास्त चालायचा. तिनं गाडी जॅकवर चढवली, पुढची चाकं धरून हलवली आणि म्हणाली, "डॅशबोर्डखाली मोटर बसवते. दिसणारही नाही. मामी चाक फिरवेल, मोटर हातभार लावेल. पण आधी हे झिजलेले सांधे बदलायचे."

"सांधे कशाला? मोटर ओढेल की!"

"ओढेल ना, दुखणं झाकून ओढेल. मामी पेशंटला नुसती गुंगीची गोळी देऊन परत यायची का?"

मामा स्टूल घेऊन तिथंच बसले. ठकीनं सांध्यांमधलं मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस खिळ्यानं खरवडून काढलं आणि झिजलेले सांधे बदलले. स्टिअरिंगचा जुना दांडा उतरवून मोटर असलेला नवा बसवला. वरचं चाक मात्र तेच, मामींच्या तळव्यांनी गुळगुळीत केलेलं. मोटरची मदत कमीजास्त करायची घुंडी तिनं ॲशट्रेच्या पोकळीत लपवली. किती सुरेख काम! मामांना वाटलं, ही आपल्या बहिणीची पोर आहे हे रस्त्यावर जाऊन ओरडून सांगावं.

शनिवारी मामी नाइलाजानं गाडीत बसल्या. सवयीप्रमाणे सगळं अंग चाकावर टाकून त्यांनी वळण घेतलं मात्र, गाडी गर्रकन फिरली आणि गुलाबाच्या वाफ्यात शिरली. गुलाबांचा चेंदामेंदा झाला.

मामी खाली उतरल्या. "ही माझी गाडी नाही. हाताला काही लागतच नाही. दुसरंच कुणी चालवतंय असं वाटतं. उद्या जाऊ दे ती." आणि दार आपटून घरात गेल्या.

आता ठकी भांडणार असं मामांना वाटलं. ती पायरीवर बसली. "चुकले मी, मामा. तिला जराही ओढ लागू नये म्हणून घुंडी पार शेवटपर्यंत फिरवली. मायेपोटी हाताखालचा रस्ताच पुसून टाकला." मग म्हणाली, "तिचा हात नेमका कुठवर जातो?"

हे मामांना पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी बायकोच्या बाहीत हात घालून देणारे तेच. त्यांनी स्वतःचा हात उचलून दाखवला: इथवर जातो, इथं ओढ बसली की ती ओठ चावते. ठकीनं मामांचा मफलर मागून घेतला आणि स्वतःचा दंड तेवढाच हलेल असा अंगाशी आवळून बांधला. मग ती अंगणात गाडी फिरवू लागली. घुंडी जराशी कमी करायची, खडीवरून एक फेरी मारायची, थांबायचं, पुन्हा जराशी कमी. बांधलेला दंड काचून लाल झाला. खडी तळव्याला जाणवली पाहिजे आणि खांद्याला मात्र ओढ बसता कामा नये, एवढ्यासाठी ही पोर दुपारभर दुसऱ्याचं दुखणं अंगावर बांधून फिरत होती. मामा हात जोडून उभे राहिले, आणि आपण हात जोडलेत हे त्यांना उशिरा कळलं.

रविवारी ठकीनं आर्जवं केली नाहीत. "गिऱ्हाईक येईल. शेडमधून बाहेर तरी तूच काढ," एवढंच म्हणाली.

मामी बसल्या. दुखणार म्हणून त्यांनी आधीच ओठ दातांत धरला होता. चाक फिरलं. त्या थांबल्या, उलट्या बाजूनं फिरवून पाहिलं, मग खडीवरून सावकाश पुढं गेल्या. ओठ सुटला. अंगणात एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या फेरीला फाटकापाशी घाम पुसत गिऱ्हाईक उभं होतं.

"वा, मस्त ठेवलीय हो गाडी! चावी कुणाकडं आहे?"

"चावी गाडीत आहे, आणि गाडीत मी आहे," मामी काच खाली करत म्हणाल्या. "उन्हातून चालत आलात ना? बसा मागे, घरी सोडते."

मामा फाटक उघडायला धावले. धावता धावता त्यांना रडू फुटलं होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.