आर म्हणजे रुद्रेश

शर्टाच्या गुंडीएवढं निळं वर्तुळ, संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, आणि त्यात पांढरा इंग्रजी आर. आर म्हणजे रुद्रेश. लुंबिनी त्याच्याकडे बघत राहिली. सहा वर्षं ते तिथंच होतं, पण चष्म्याच्या काचेवरचा जुना डाग जसा दिसेनासा होतो तसं ते दिसेनासं झालं होतं... आज दिसलं, कारण काल सरांनी तिला एक काम दिलं होतं.

सर म्हणजे सिद्धराम सर, रुद्रेशचे वडील. लातुरात औसा रोडला त्यांचं ऑफिस, इमारतींची ड्रॉइंग करून देणारं. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर वर्षाच्या बोलीनं घेतलेलं, एकाच नावावर. रुद्रेश साइटवर फिरायचा. त्याचं नाव मात्र इथं, लुंबिनीच्या बोटांखाली, दिवसभर बसून असायचं. आता सॉफ्टवेअरच्या कंपनीचं पत्र आलं होतं : ज्याचं नाव त्यानंच वापरायचं, नाहीतर बंद.

"दोन पद्धती हैत म्हणं," सर म्हणाले होते. "नावाचं लायसन अन् लवचीक. तक्ता करून दे. नावाचं रुद्रेशकडंच राहू दे, तुझ्यासाठी लवचीक घेऊ. काम असंल त्या दिवशी उघडायचं. तू तर घरचीच हैस."

घरचीच. हा शब्द तिला आवडायचा आधी. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन ती इथं आली तेव्हा आडनाव ऐकल्यावर दोन ऑफिसांनी 'कळवतो' म्हटलं होतं. सरांनी आडनाव विचारलंच नव्हतं, फक्त एक जिना काढायला लावला होता. तो जिना बघून म्हणाले, उद्यापासून ये. हे ती विसरली नव्हती, विसरणार नव्हती. पण उपकाराला मुदत असते की नाही? की तोही दर वर्षी आपोआप वाढत जातो, कुणी न विचारता...

तक्त्यासाठी तिनं गेल्या वर्षाची नोंद उतरवून घेतली. कोणत्या नावानं, कोणत्या दिवशी, किती तास. एकच नाव, दोनशे एक्क्याऐंशी दिवस, त्यातले तो स्वतः बसला असे फार तर नऊ. वरून खाली वाचत ती फेब्रुवारीत आली आणि थांबली. अकरा फेब्रुवारी : रुद्रेश, सात तास दहा मिनिटं. अकरा फेब्रुवारीला उदगीरला रुद्रेशचं लग्न होतं. तो मुंडावळ्या बांधून पाहुण्यांत उभा होता आणि त्याच वेळी जळकोटच्या दवाखान्याचा रॅम्पही काढत होता! तिला हसू आलं, मग हसू कुठंतरी अडकलं. त्या दिवशी सगळं ऑफिस उदगीरला गेलं होतं. "ड्रॉइंग तेवढं जाऊ दे, मग ये," असं तिला सांगितलं होतं. ते जायला संध्याकाळ झाली, लग्न राहूनच गेलं. मुद्दाम नव्हतं ते. नसावं. तेव्हाही ती असंच म्हणाली होती, नसावं – आणि रॅम्पचा उतार पुन्हा एकदा तपासला होता, कारण तो चुकला असता तर व्हीलचेअर घसरली असती, आणि घसरणाऱ्याला रॅम्प कुणाच्या नावावर होता ते कळून काय उपयोग.

तिनं नांदेडला फोन लावला, सॉफ्टवेअर विकणाऱ्या एजन्सीतल्या शिल्पाला.

"लवचीक म्हणजे नेमकं कसं?"

"टोकन घ्यायचे मॅडम. ज्या दिवशी उघडलं त्या दिवसाचे कापले जातेत. धा मिनिटं उघडा की धा तास, सारखेच."

"म्हणजे रोजंदारी."

शिल्पा हसली. "हाव, तसंच समजा. कधीमधी लागणाऱ्याला ते बरं. रोज वापरणाऱ्याला नावाचंच परवडतंय. तुमच्याकडं रोज कोण वापरतंय?"

रोजंदारी... बिलोलीला आजी, नागुबाई, सकाळी मुकादमापुढे उभी राहायची. आज तू, तू आणि तू, बाकीच्यांनी जा. जिला 'जा' म्हटलं तिचा तो दिवस कुठंच लिहिला जात नसे, ती जणू त्या दिवशी जगलीच नाही. उद्या सरही केबिनच्या काचेआडून म्हणतील, लुंबी, आज नको उघडूस... लुंबी. नावसुद्धा अर्धंच घेतात. आजोबांना, निवृत्तींना, गाव 'निवऱ्या' म्हणायचं. म्हणून त्यांनी मुलाचं, तिच्या वडिलांचं, नाव आनंदराज ठेवलं. म्हणायचे, कुणी अर्धं तोडलं तरी आनंद उरला पाहिजे.

"मॅडम? रोज कोण वापरतंय?"

उत्तर दिलं तर सहा वर्षांची चोरी कबूल होत होती. सरांची चोरी, तिच्या हातानं झालेली.

"मी," लुंबिनी म्हणाली.

"पण आमच्या यादीत तर रुद्रेश सर..."

"यादी चुकीची आहे. मी करते सगळं. माझं नाव लिहून घ्या." आणि तिनं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून.

तक्ता एका पानात मावला. रोज वापरणारी व्यक्ती : लुंबिनी, नावाचं लायसन. वर्षात फार तर नऊ दिवस वापरणारे : रुद्रेश, लवचीक. ती तो घेऊन काचेच्या केबिनमध्ये गेली.

सरांनी वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला.

"हे उलटं झालंय की गं."

"नाही सर. आत्ता सरळ झालंय."

"अगं, त्याची सही असती. इंजिनिअर तो हाय."

"सही त्यांचीच राहू द्या. रेघा मी मारते, त्या माझ्या नावानं मारीन."

"अन् काय गं, हे कुणाला बोललीस का?"

"नांदेडला सांगितलं."

सरांचा चेहरा उतरला. रागापेक्षा दुखावल्यासारखे दिसले ते, आणि रागासाठी तयार होऊन आलेल्या लुंबिनीला तेच जड गेलं. "मी तुला काय कमी केलं?" त्यांनी विचारलं, आणि ते खरंच विचारत होते.

काही नाही, असं म्हणायची सवय ओठांपर्यंत आली. तिनं ती तिथंच थांबवली.

"जिन्याचं ड्रॉइंग आज जायचंय," शेवटी ते म्हणाले, नजर न उचलता. "लायसनचं उद्या बघू. आत्ता तरी उघड."

"कुणाच्या नावानं, सर?"

त्यांनी तक्ता बाजूला सरकवला. ती बाहेर आली आणि जागेवर बसली. संगणक तिनं बंद केला. उद्या काय होईल ते तिला माहीत नव्हतं, बहुतेक वाईटच... दुसरं ऑफिस, पुन्हा 'कळवतो'. भीती होती, चांगली पोटभर होती. ती शरमेची वाट बघत बसली, कारण मोठ्या माणसाला दुखावल्यावर शरम येते असं तिला आजवर ठाऊक होतं. शरम आली नाही. आली ती भूक – साडेअकरालाच, सडकून, लहानपणी शाळेतून पळत घरी आल्यावर लागायची तशी. जेवणाची सुट्टी दीडला असते. तिनं डबा काढला, भाकरी मोडली, कारळाच्या चटणीवर तेलाची धार धरली, आणि काचेआडून सर बघत असताना, घाई न करता, ती जेवायला लागली.