‘येते’ म्हणायचं नाही

मी चंद्रावर जाणाऱ्या यानाची कुपी बोलतेय. खरी नव्हे हं, सरावाची. माझ्यात बसून माणसं चंद्रावर जायला शिकतात. मी मात्र खडकीची ही शेड कधी सोडलेली नाही. आणि खरं सांगू? मला फार भीती वाटते.

पूर्वी इथे स्कूटरचे मडगार्ड बनत. कारखाना बंद पडला, जागा एका सॉफ्टवेअर कंपनीने घेतली आणि त्याच पत्र्याखाली माझा जन्म झाला. माझ्या खिडकीत चंद्र दिसतो, तोही संगणकावरचा.

माझी थोरली बहीण म्हणजे खरी कुपी. ती माणसांना चंद्रापर्यंत नेते, त्याच्याभोवती फिरवते, परतताना आगीतून सुखरूप खाली आणते. पण चंद्रावर उतरणं तिला जमत नाही. त्यासाठी वेगळं यान असतं, तिला बाहेरून जोडलेलं. ते खाली अडकलं तर ती वरून नुसती बघणार. हवापाणी मोजकंच. ते संपत आलं की खालच्या माणसाला तिथेच सोडून परत फिरायचं! हे ऐकलं त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही.

एकदा संगणक बंद पडलाय असं धरून, नुसत्या एकमेकांच्या बोलण्यावर सराव चालला होता. माझ्यात शिकणारी तनया उतरायच्या सरावाच्या यानात गेली, तिचा जोडीदार श्याम माझ्यात थांबला. तिने तिच्या बाजूचं दार लावलं. माझं दार श्यामने लावायचं होतं. हेडफोनवर ती म्हणाली, “श्याम, येते हं.”

घरातून निघताना आपण म्हणतो ना, तसं. श्यामला वाटलं, काहीतरी विसरलं म्हणून ती परत येतेय. त्याने माझं दार उघडंच ठेवलं. तिकडे तनयाने यान सोडवलं. माझे सगळे लाल दिवे पेटले, हवेचा काटा शून्यावर आला.

शिकवणाऱ्या पद्मजाबाई कप घेऊन आत आल्या. “श्यामराव, आपण वारलात. चहा घेणार?” मग तनयाकडे वळून, “आणि तू परत येणार होतीस ती कुठे?”

तेव्हापासून ‘येते’ म्हणायला बंदी. स्वच्छ ‘जाते’ म्हणायचं.

“बाई, ‘जाते’ म्हटलं की आई मला दारातून परत बोलावते,” तनया म्हणाली.

“तिथे आई नसेल,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर प्रत्येक सरावात ती ‘जाते’च म्हणू लागली.

मागच्या महिन्यात, चंद्रावर निघण्याआधी, तनया निरोप घ्यायला आली. माझ्या दारावर हात ठेवून सवयीने म्हणाली, “जाते.”

पद्मजाबाई खुर्चीतून उठल्या. “इथे सराव चाललेला नाही. नीट म्हण.”

तनयाच्या डोळ्यांत पाणी आलं. “येते,” ती म्हणाली.

आज ती चंद्राजवळ पोचली आहे. मघाशी शेडमधल्या स्पीकरवर तिचा आवाज आला, अगदी ठणठणीत. “श्याम, जाते.” पाठोपाठ बहिणीचं दार लागलं. तसंच हवं होतं, कळतंय मला. तरी भीती वाटतेच.

शेड बंद करायला येणाऱ्यांनो, एवढं ऐका. माझं दार लावू नका. ती इथून ‘येते’ म्हणून गेली आहे.