शेजारणीची तीन फुलं

समोरच्या छत्री दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप लागलं तेव्हा मला वाटलं, आता तिथं फार तर औषधाचं दुकान येईल. डॅन्यूबकाठच्या आमच्या रुसे शहरात तेवढा एकच धंदा वाढतोय, कारण आम्ही म्हातारे वाढतोय. पण मार्चमध्ये तिथं लाल कंदील टांगले गेले आणि दारावर पाटी चढली: आशियाई रस्त्यावरचं खाणं.

"रस्त्यावरचं म्हणे," मी गिनाला म्हणाले. "आणि आत खुर्च्या मांडल्यात. रस्ता कुठाय त्यात?"

गिना माझ्या वरच्या मजल्यावर राहते. लोकांचे कपडे शिवते आणि लोकांच्या गोष्टी उसवते. ती म्हणाली, "तुझ्या का पोटात दुखतंय, फिला? तुझी वजडी वेगळी, त्यांच्या शेवया वेगळ्या."

"दुखत नाही काही. वास येतोय, तेवढं सांगतेय."

वास खरंच येत होता. चक्रीफुलाचा, भाजलेल्या आल्याचा. आमच्याकडे असा वास आला की कुणालातरी खोकला झालाय असं समजायचं. तो वास रस्ता ओलांडून माझ्या दुकानात यायचा आणि माझ्या लसणाच्या वासावर ऐटीत बसायचा.

माझं दुकान वजडीच्या सूपचं. नवऱ्यानं, म्लादेननं काढलं, तो गेल्यावर मी चालवते. दूध घातलेलं पांढरं सूप, वर लाल तर्री. टेबलावर लसूण घातलेल्या व्हिनेगरची बाटली आणि कुटलेली मिरची. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घालून घ्यायचं. रात्रीची उतरवायला सकाळी येतात ती माणसं माझी गिऱ्हाइकं. त्यातली चार समोर गेली असती तर मी म्हटलं असतं, बरं झालं, भांडी कमी.

मला राखायचा होता एकच माणूस. डोब्री.

डोब्री रेल्वेत इंजिन चालवायचा. आता निवृत्त, बायको कधीच गेलेली. माझ्या खिडकीजवळची खुर्ची त्याची. दुसरं कुणी तिच्यावर बसलं की मी तिथंच फरशी पुसायला घेते. आमच्यात कधी मनातलं काही बोलणं झालेलं नाही. बोलण्यासारखं नव्हतं असं नाही, पण तो येतो, मी वाढते, आणि सूप गरम असताना कोण बोलतं? फक्त एक होतं. म्लादेन गेल्यापासून दर फुलांच्या रविवारी माझ्या उंबऱ्यातून आत येणारा पहिला माणूस डोब्री असायचा. ईस्टरच्या आधीचा रविवार. ज्यांची नावं फुलांची, त्या सगळ्यांचा तो नावाचा दिवस, वाढदिवसासारखाच. माझं नाव कारामफिला, कार्नेशनच्या फुलावरून. वर्षभर मी त्या एका सकाळची वाट बघते, हे त्याला ठाऊक नव्हतं. गिनाला होतं.

समोरचं दुकान उघडून आठवडा झाला नसेल, डोब्री टोपी घालत म्हणाला, "जरा बघून येतो."

"बघ की. डोळ्यांना कुणी जकात लावलीय?"

तो बराच वेळ बघत बसला. मी पडद्याआडून त्याचं बघणं बघत होते. परत आला तेव्हा नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि चेहरा धुतल्यासारखा. कसं होतं, असं मी विचारलं नाही. टेबल पुसत राहिले.

"फिला, त्या बाईचा रस्सा असा आहे ना, छातीत दिवा लागतो."

"डॉक्टरला दाखव. ह्या वयात छातीत काही लागलेलं चांगलं नसतं."

"काड्यांनी खातात. अर्ध्या शेवया माझ्या मिशीतच अडकल्या. ती हसली बघ किती!"

"हसेल नाहीतर काय. सूप वाढू?"

"आज नको. पोट भरलंय."

माझ्या दुकानात उभं राहून त्यानं हे सांगितलं. मी टेबल इतकं पुसलं की त्याचा रंग निघायचा बाकी राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच गेले. डोक्याला रुमाल बांधून, पिशवी घेऊन, बाजारातून येताना सहज पाय वळला असं दाखवत. ठरवूनच गेले होते की काहीतरी खोट सापडल्याशिवाय उठायचं नाही.

खुर्च्या बुटक्या, गुडघे हनुवटीला लागतील अशा. पहिली खोट सापडली म्हणून बरं वाटलं. फरशी मात्र लखलखीत. भिंतीवर बाजाराचं चित्र, त्यात सगळे रस्त्यावर बसून खाताहेत आणि कुणालाच गुडघ्याचं दुखणं नाही. दुकानाची बाई, व्हिएतनामची म्हणे, पुढं आली. साठीची असेल, केस काळेभोर. ते मी सगळ्यात आधी बघितले.

"या ताई, बसा. वाऱ्यात बसू नका, इकडं बसा," ती म्हणाली. आमच्याच बोलीत, रुसेच्या बाजारात बोलतात तसे शब्द ओढून. मला वाटलं होतं खुणा कराव्या लागतील. मी हात उचललेला तो तसाच रुमालाकडं नेला.

वाडगा आला. रस्सा इतका नितळ की तळाची शेवई मोजावी. माझ्या सूपमध्ये चमचा बुडाला तर दिसत नाही, आणि इथं लपवायला काही जागाच नाही. हा तोरा नाहीतर काय? वर मांसाचे काप, कागदासारखे पातळ, एकसारखे. आणि एक हिरवा पाला, ती कोथिंबीर म्हणाली. साबण चावल्यासारखा लागला. दुसरी खोट! पण तिसऱ्या घोटाला तो पाला नसता तर चुकल्यासारखं वाटलं असतं, आणि ह्याचाच मला जास्त राग आला.

मग टेबलाच्या कडेला नजर गेली. काचेच्या बरणीत व्हिनेगर, त्यात लसणाच्या चकत्या. शेजारी कुटलेली मिरची.

माझं टेबल! जसंच्या तसं माझं टेबल, फक्त बुटकं.

"बाई," मी म्हणाले, आणि बाजूचे दोघं खाता खाता थांबले, "हे व्हिनेगर-लसूण कुणाचं बघून ठेवलंस?"

"माझ्या आईचं," ती म्हणाली. "आमच्या गावाकडं शेवयांबरोबर हेच असतं."

"व्हिएतनाममध्ये?"

"हो. मी तरुणपणी इथल्या कापड गिरणीत कामाला होते, ताई. आम्ही मुली तुमच्या दुकानात यायचो. पहिल्यांदा आले तेव्हा टेबलावर ही बरणी बघितली आणि मला रडूच आलं. तुमचे मालक म्हणाले, काय गं पोरी, तिखट लागलं? मी म्हटलं, हो. मग ते मला दर वेळी वाडगाभर सूप जास्त द्यायचे."

म्लादेननं हे मला कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे आता डोब्री राहिला बाजूला, मेलेल्या नवऱ्यावरूनसुद्धा जळायची पाळी आली. मी उरलेला रस्सा तळापर्यंत पिऊन टाकला, तिला काही शिल्लक ठेवायचं नाही म्हणून.

घरी आल्यावर मी माझ्या बाटल्यांत लसूण दुप्पट घातला.

एप्रिल लागला. एका सकाळी डोब्री सूपमध्ये पाव मोडत म्हणाला, "तुला माहितीय का फिला, त्या बाईचं नाव सेन. सेन म्हणजे त्यांच्याकडं कमळ."

"बरं मग?"

"मग काय, कमळ फूलच की. फुलांच्या रविवारी तिचाही नावाचा दिवस. मी तिला सांगितलं. तिला भारी गंमत वाटली."

गिना कापड मापत बसली होती. तोंडातल्या टाचण्या काढून ती म्हणाली, "अगंबाई! एका गल्लीत दोन फुलं. आता लोकांनी आधी कुठं जायचं?"

मी काही बोलू शकत नव्हते. आमच्यात नावाच्या दिवसाला कुणाला बोलवत नाहीत. ज्याचं नाव, त्यानं दार लोटून ठेवायचं, ताटं मांडायची आणि घरात बसून राहायचं. ज्याला आठवण होईल तो येईल. तोंडानं 'ये' म्हटलं की त्या येण्याची किंमत गेली. तेव्हा मी फक्त विचारलं, "पाव आणखी हवा?"

"नको," डोब्री म्हणाला.

फुलांच्या रविवारी मी चर्चमधून त्या दिवशी वाटतात ती वाळुंजीची डहाळी आणली, दारावर बांधली. डॅन्यूबचा मोठा मासा आणला होता, त्याचे तुकडे पिठात घोळवून ठेवले. राकियाची, आमच्या फळांच्या दारूची, बाटली थंड केली. चांगला निळा झगा घातला आणि खिडकीशी बसले. डोब्रीच्या खुर्चीवर नाही, तिच्या शेजारी.

लोक येऊ लागले, पण समोर. हातात कागदात गुंडाळलेली फुलं, कुणाच्या हातात केक. आणि त्यांच्यात टोपी नीट बसवत, घोटून दाढी केलेला डोब्री. हातात पाच ट्युलिप. एकच गुच्छ. दुसऱ्या हातात काही आहे का, हे बघायला मी उठून उभी राहिले. दुसरा हात खिशात होता.

म्हटलं, झालं. कारामफिला, मासा एकटीनं खा आता.

तेवढ्यात माझं मागचं दार वाजलं. स्वयंपाकघरात सेन उभी. अंगात लांब पिवळा झगा, हातात झाकलेलं पातेलं.

"ताई, सणाच्या शुभेच्छा! दुकान आज बंद ठेवलंय."

"बंद? अगं, तुझ्या दारात माणसं उभी आहेत!"

"का? आमच्याकडं सणाला धाकट्यानं थोरल्याच्या घरी आधी जायचं असतं. ह्या गल्लीत दिवस तुमचा नि माझा. थोरल्या तुम्ही. म्हणून आले."

"आज तुझं नाव! आज तू घराबाहेर पडायचं नसतं, बये!"

"असं का? डोब्रीभाऊ हे नाही बोलले." ती खिडकीशी गेली, बाहेर बघितलं आणि मी काही म्हणायच्या आत खिडकी धाडकन उघडली. "डोब्रीभाऊ! अहो, इकडं! इकडं या सगळे, मासा तळतोय!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या खिडकीतून, माझ्या नावाच्या दिवशी, आरडाओरडा करून पाहुणे बोलावले! म्लादेनची आई जिवंत असती तर तिनं मला गल्लीतून बाहेर काढलं असतं. पण समोरची माणसं वळली, हसली आणि सगळीच्या सगळी रस्ता ओलांडून आली. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. किती वर्षांत माझं दार असं भरलं नव्हतं. आणि आली होती सगळी तिच्यासाठी.

उंबऱ्यातून पहिला आत आला तो डोब्रीच. पण हाक मारल्यावर आलेला पहिला, त्याचं काय करायचं?

"वाट चुकलास का?" मी विचारलं.

"नाही गं. तिकडचं आधी उरकून घेत होतो."

"हो का!"

"मग? जिथनं लवकर उठायचं तिथं आधी जातो माणूस. जिथं बसून राहायचं तिथं नंतर."

मी विश्वास ठेवला नाही. पण कढईकडं वळले, कारण कान तापले होते.

आता त्याची पंचाईत फुलांची. बायका दोन, गुच्छ एक. गिना कमरेवर हात ठेवून उभी. "बघू या, आता कसे वाटतोस! जोडीनं देऊ नको हं, जोडीची फुलं मयताला." पाचातली तीन एकीला दिली तर दुसरीला दोन उरतात. डोब्रीनं टोपी मागं सारली. इंजिनाचं बिघडलेलं काही बघावं तसा तो गुच्छाकडं बघत होता. मग तीन फुलं काढून त्यानं सेनला दिली. एक स्वतःच्या कोटाला खोचलं. उरलेलं एक माझ्यापुढं धरलं.

तिला तीन, मला एक. माझा हात पुढं होईना. मागं मासा करपला.

सेननं माझं तोंड बघितलं असणार. ती हळूच म्हणाली, "ताई, बदलून घेता का?"

मी तिच्या तीन फुलांकडं बघितलं. मग माझ्या एकाकडं, आणि त्याच्या कोटावरच्या एकाकडं. सारख्याच उंचीची, एकाच लाल रंगाची दोन. डोब्री खिडकीकडं तोंड करून उभा होता आणि त्याची मान मागनं लाल झाली होती.

"राहू दे," मी म्हणाले. "तुझ्याकडंच ठेव."

माझं फूल मी व्हिनेगरच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून ठेवलं, त्याच्या खुर्चीसमोर. तो बसला. करपलेला मासा त्यालाच वाढला, त्यानं तो मुकाट्यानं खाल्ला. सेनच्या पातेल्यातला रस्साही सगळ्यांनी मागून मागून घेतला. डोब्रीनं नाही घेतला, हे मी बघितलं.

आणि हेही बघितलं, की तिची तीन जास्त टपोरी होती.