दहावा देह

पेडगावच्या पलीकडं, जिथं आधी कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं त्या माळावर विद्यापीठ उभं राहिलं, त्याला आता बारा वर्षं होत आली. साधंसुधं नव्हे, खाजगी, आणि त्यातून संशोधनाचं. त्याच्या माहितीपुस्तिकेचं पहिलं पान दैवशालानं लिहिलेलं होतं. एकशेवीस एकरांचा हिरवागार परिसर, सात विद्याशाखा, अद्ययावत प्रयोगशाळा, मुलामुलींची स्वतंत्र वसतिगृहं आणि घरच्यासारखं वातावरण. आता हे खोटं होतं असं नाही. हिरवळ होती, तिला बोअरचं पाणी होतं, आणि ती राखायला पेडगावचीच माणसं होती. संध्याकाळी पोरंपोरी कारंज्याच्या कट्ट्यावर बसून मॅगी खायची, एकमेकांचे फोटो काढायची, प्रेमात पडायची आणि परीक्षा आली की बाहेरही पडायची. पुस्तिकेत फक्त एका गोष्टीचा पत्ता नव्हता. शरीररचना विभागाच्या तळघरात एक हौद होता. औषधी पाण्यानं भरलेला, लोखंडी झाकणाचा. त्याचं नाव पुस्तिकेत घातलं असतं तर कुणाच्या आईबापानं पोरं पाठवली असती?

दैवशाला त्याच विभागात शिकवायची, सहा वर्षांपासून, कंत्राटावर. बन्सीधर आणि कमलबाईची ती एकुलती एक लेक. बन्सीधर विद्यापीठाच्या बागेत कामाला होता. हातात पाइप धरून तो येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगायचा, "माझी पोरगी हितं मुडद्यांची मास्तरीण हाय. तिच्या वर्गात कुणी दंगा करत न्हाई." लोक हसायचे, आणि सगळ्यात जास्त तोच हसायचा.

दोन वर्षांपूर्वी तिनं देहदानाचा फॉर्म घरी आणला, तेव्हा त्यानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. "जित्तेपणी कालिजात बसाय भेटलं न्हाई, मेल्यावर तरी बसतो," म्हणाला आणि सही ठोकली. कमलबाई चार दिवस दोघांशीही बोलली नाही.

मग यंदा त्याच्या छातीत पाणी झालं. परभणीच्या दवाखान्यात आठवडा काढला. शेवटच्या दिवशी कमलबाई खाली चहा आणायला गेली होती, खोलीत हे दोघंच होते. बन्सीधरनं लेकीचं मनगट धरलं. इतक्या दिवसांत त्याच्या हाताला तेवढा जोर नव्हता.

"दैवे, मला त्या पाण्यात नगं ठिवू. लय गार असंल. मला घरी ने, जाळ."

"बरं आप्पा."

"शबूद दे."

"दिला."

कमलबाई चहा घेऊन वर आली तेव्हा तो गेला होता.

तासाभरात विभागप्रमुख मनिषा मॅडमचा फोन आला. आधी सांत्वन झालं, मनापासून झालं, ती बाई वाईट नव्हती. मग हळूच विषय निघाला. दहा दिवसांनी तपासणी समिती यायची होती. इतक्या विद्यार्थ्यांमागं दहा देह पाहिजेत असा नियम, आणि हौदात होते नऊ. एकानं कमी पडले तर जागा कापल्या जाणार, आणि जागा कापल्या की आधी कंत्राटातली माणसं कापली जाणार. "तुझी इच्छा असेल तरच हं," मॅडम म्हणाल्या.

दैवशालानं डोळे पुसले आणि आईला सांगितलं, "माय, आप्पांची इच्छा होती." होती असंच म्हणाली ती. दोन वर्षांपूर्वी होतीच की. स्वतःची समजूत घालायची म्हटलं की माणसाला अक्कल कमी पडत नाही.

विद्यापीठाची पांढरी गाडी आली आणि बन्सीधरला घेऊन गेली. घरी ना राख, ना अस्थी. त्याचा धाकटा भाऊ बजरंग यानं डोकं भादरलं आणि नुसत्या नावानं दिवस धरले.

तिसऱ्या दिवशी हौदावरचा शिपाई मुंजाजी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "मॅडम, बन्सीधरदादा वर यायलाय."

"वर म्हणजे?"

"पाण्याच्या वर. बाकीचे नऊ गप पडलेत तळाला. मी परवा वजन बांधलं, सकाळी बघतो तर तोंड वरी. काल दोन वजनं बांधली. आज परत तोंड वरी."

तिनं त्याला समजावून सांगितलं. शरीरात वायू धरतो, चरबी हलकी असते, असं होतं कधी कधी. मुंजाजीनं सगळं ऐकून घेतलं. बन्सीधरच्या अंगावर चरबी मुळात होती कुठं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून मुंजाजी तळघरात एकटा उतरेनासा झाला.

पाचव्या दिवशी पहिल्या वर्षाच्या भक्तीनं तिला वर्गाबाहेर थांबवलं. "मॅडम, ते कावळे बघा ना. कसे बसलेत."

तळघराला जमिनीलगत काचेच्या झडपा होत्या आणि त्यांच्यासमोर लोखंडी कठडा होता. कठड्यावर सात-आठ कावळे ओळीनं बसले होते. कावळा बसतो तो चौफेर नजर ठेवून, हिरवळीवर कुणी पाव टाकतं का, कॅन्टीनचा डबा उघडा आहे का, ते बघत. ह्यांची हिरवळीकडं पाठ होती. सगळ्यांच्या चोची काचेकडं. एकही ओरडत नव्हता की पंख खाजवत नव्हता.

"वासानं येत असतील," दैवशाला म्हणाली.

"त्या वासानं तर माश्यासुद्धा पळतात, मॅडम," भक्ती म्हणाली, आणि तेही तिला दैवशालानंच शिकवलेलं होतं.

वॉचमननं दगड मारले. कावळे वीतभर सरकले आणि पुन्हा होते तसे बसले. रोज त्यात भर पडत गेली. नवव्या दिवशी कठडा पुरेना म्हणून ते खाली फरशीवर बसले, काचेला चोची टेकवून. दैवशाला मागच्या दारानं ये-जा करायला लागली. तिला भीती वाटत होती आणि ती कबूल करायची लाज वाटत होती. रात्री जेवताना आईनं विचारलं, "दहाव्याला येशील ना नदीवर?"

"समिती आहे गं माय. सगळा परिसर मलाच दाखवायचाय."

"बाप एकदाच मरतो," कमलबाई म्हणाली. "समित्या वरसाला येत्यात."

तरी ती गेली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी इस्त्रीची साडी नेसून ती समितीच्या तिघांना घेऊन फिरत होती. ग्रंथालय झालं, माती परीक्षणाची प्रयोगशाळा झाली, मुलींच्या वसतिगृहात सौरऊर्जेवरचं गरम पाणी हाताला लावून दाखवून झालं. सभागृहात स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती, तिथं पोरांनी नाचूनसुद्धा दाखवलं. समिती खूश होती. अकराच्या सुमाराला बजरंगकाकाचा फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती बाजूला जाऊन बोलली.

"कावळाच न्हाई गं बाई," काका म्हणाला. "शिवायचं राहू दे, आभाळात एक बी न्हाई. सकाळधरनं बसलोत. दर्भाचा कावळा करून शिववतो म्हणलं तर वहिनी करू देइना. अशी गत मी उभ्या जल्मात पाह्यली न्हाई."

दहा दिवसांची झोप नव्हती तिला. तोंडातून निघून गेलं, "कसे येतील काका, सगळे कावळे इथं बसलेत."

पलीकडं आईनं फोन हातात घेतला. "कुठं?"

अर्ध्या तासात फाटकाशी टेम्पो उभा राहिला. वॉचमन आडवा आला. कमलबाई त्याला म्हणाली, "ह्या झाडास्नी माझ्या मालकानं पाणी घातलंय. हो बाजूला." तो झाला बाजूला. बजरंगनं दोन्ही हातांत पत्रावळ धरली होती, तिच्यावर भाताचा पिंड. मागं भावकीतली दहा-बारा माणसं, कुणाच्या हातात चहाचा कप, कुणाच्या हातात बिडीचं बंडल, बन्सीधरच्या आवडीचं. अशी ती मंडळी कारंज्याला वळसा घालून, हिरवळ तुडवत शरीररचना विभागापुढं आली. कठड्याच्या अलीकडं दहा पावलांवर बजरंगनं पत्रावळ ठेवली.

दैवशाला समितीला घेऊन त्याच कोपऱ्यावरून वळली आणि जागीच थांबली.

पोरंपोरी जमली. कुणीतरी तालमीचा डीजे बंद केला. सत्तरऐंशी कावळे समोर होते आणि एकाचंही तोंड पिंडाकडं नव्हतं. बजरंगनं हात जोडले. "दादा, म्हस इकणार न्हाई. वहिनीला अंतर देणार न्हाई. पोरीचं लगीन थाटात करतो. शिव बाबा." भावकीतला एकेक जण जे सुचेल ते कबूल करत गेला. एका पंखाची हालचाल झाली नाही.

मनिषा मॅडम दैवशालाच्या कानाशी आल्या. "ह्यांना आवर. समिती खाली जाईल, दहा देह मोजेल, सही करील. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. मग काय करायचं ते कर."

मग काही करता येत नव्हतं. वारसांना मागं फिरता येतं ते नोंद होईस्तोवर. एकदा समितीच्या सहीनिशी देह नोंदला गेला की विद्यापीठाचा झाला. हा नियम दैवशाला दर वर्षी वर्गात सांगायची.

"तू बोल," कमलबाई तिला म्हणाली. "तुझ्यावर लय जीव होता त्यांचा."

दैवशाला पत्रावळीपाशी गेली. सगळ्यांची नजर तिच्यावर होती, मॅडमची आणि समितीचीही. ती हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, माझी नोकरी कायम होईल आता. तुम्हाला तेच पाहिजे होतं."

कठड्यावरच्या एका कावळ्यानं मान वळवली आणि तिच्याकडं पाहिलं.

"मायला मी सांभाळीन, आप्पा."

आणखी दोघांनी माना वळवल्या. मग त्यांच्या शेजारच्यांनी. वारा सुटल्यावर ज्वारीची कणसं एका अंगाला कलतात, तशा या टोकापासून त्या टोकापर्यंत माना वळत गेल्या, आणि सगळे कावळे एकट्या दैवशालाकडं बघायला लागले. पिंडाकडं नाही, माणसांकडं नाही. भक्तीनं मैत्रिणीचा हात घट्ट धरला. दैवशालाचं मनगट गार पडलं, बर्फात धरल्यासारखं, आणि कुणीतरी ते आवळत होतं. तिनं खाली पाहिलं. मनगटावर काहीच नव्हतं. तरी चार बोटं आणि अंगठा तिला वेगवेगळे मोजता येत होते.

"आप्पा, सोडा," ती पुटपुटली.

पकड आणखी घट्ट झाली. आणि मग तिला रडूच फुटलं. समिती, साडी, सहा वर्षं, सगळं विसरून ती मोठ्यानं बोलली, अगदी पार मागच्या पोरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"तुमी जाताना सांगितलं, पाण्यात नगं ठिवू, जाळ. मी शबूद दिला, अन मोडला. चुकले मी आप्पा. तुमाला घरी नेते. आत्ता नेते, आत्ता जाळते."

मनगट मोकळं झालं. मधला एक कावळा उडाला, सरळ पत्रावळीवर उतरला आणि पिंडात चोच घातली. त्याबरोबर सगळी रांग उठली आणि माळावर कावकाव झाली.

"शिवला," बजरंग म्हणाला, आणि मटकन खाली बसला. भावकीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. लोक एकमेकांशी बोलायला लागले. दैवशालाला वाटलं, सुटले. ती आईकडं वळली.

कमलबाई रडत नव्हती. "कवा सांगितलं त्यांनी?"

"तू चहा आणायला खाली गेली होतीस तेव्हा."

"अन तू मला म्हणलीस त्यांची इच्छा व्हती."

"माय..."

"मी रोज त्याच इच्छेला हात जोडत व्हते. इच्छा व्हती म्हणून गप बसले." कमलबाईनं मुंजाजीकडं पाहिलं. "चल बाबा, उघड तळघर."

मुंजाजीनं किल्ली काढली. मनिषा मॅडम वाटेतून बाजूला झाल्या. बजरंग उठून पुढं झाला. दैवशालानं सवयीनं पर्समधले रबरी हातमोजे काढून चढवले आणि ती दाराशी गेली. देह कसा उचलायचा, मान कशी धरायची, हे तिथं तिच्याइतकं कुणालाच येत नव्हतं.

कमलबाईनं दारात हात आडवा धरला.

"तू न्हाई," ती म्हणाली. "तुझा हात लागू द्यायचा न्हाई त्यांना."

तिघं पायऱ्या उतरून गेली. खालून झाकण सरकवल्याचा आवाज ऐकू आला, मग पाण्याचा. समितीतल्या एकानं कागदावर नऊचा आकडा लिहिला. दैवशाला हातमोजे घालून दाराबाहेर उभी राहिली, आणि आत तिच्या बापाला तिची माय आणि काका, दोन अनाडी माणसं, जमेल तशी उचलत होती.